ओटीपी आलाच नाही

"ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. बस्स. एवढं पाळलंस की तुझ्या कार्डाला कुणी हात लावू शकत नाही."

हे वाक्य माझं आहे. दोन वर्षांपूर्वी दादाला त्याचं पहिलं क्रेडिट कार्ड मिळालं, तेव्हा मी ते मोठ्या रुबाबात म्हटलं होतं. घरात एखादा सॉफ्टवेअरवाला असला की त्याने असले सल्ले द्यायचेच असतात. (प्रिंटर बिघडला तरी फोन मलाच येतो, ते वेगळं.) दादाने माझा सल्ला तंतोतंत पाळला. एकदाही, कुणालाही ओटीपी सांगितला नाही. आणि तरीही त्याच्या कार्डावरून ४२,१०० रुपये गेले.

तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं. आज शनिवार आहे, शिरूरला घरी आलोय, आईने चहा दिलाय. लिहून टाकतो.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. राहतो दौंडला, नोकरी कुरकुंभ एमआयडीसीत. आणि छंद? आगगाड्या! दौंडच्या माणसाला हे वेड लागलं तर त्यात नवल नाही म्हणा. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लाइन सुरू झाली तेव्हापासून हे गाव जंक्शन आहे. पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावायचे, तो सोहळा बघत आमची लहानपणीची सुट्टी जायची. मी शिरूरचा, म्हणजे रेल्वे नसलेल्या तालुक्याच्या गावचा. न्हावरे, चौफुला, पाटस करत एसटीने मावशीकडे पोचलो की पहिला हट्ट स्टेशनवर जायचा. मी मोठा झालो आणि ते विसरलो. दादा विसरला नाही. आता त्याच्या माडीवर प्लायवूडच्या दोन पत्र्यांवर एक छोटं स्टेशन आहे. रूळ, सिग्नल, पूल, सगळं आपल्या हाताने केलेलं. इंजिनं मात्र हाताने होत नाहीत. ती विकत घ्यावी लागतात, आणि त्याला हवी असतात तशी पुण्यात मिळत नाहीत.

छंदवाल्यांची खरी गोम इथेच आहे. मोबाइल किंवा बूट घ्यायचे तर दहा दुकानं असतात. पण ८७ पटीने लहान केलेलं अमुक जातीचं डिझेल इंजिन, अमुक रंगातलं, जगात दोन-तीनच दुकानांत असतं. आणि पानावर लिहिलेलं असतं, शेवटचे दोन नग! भिगवणला पक्ष्यांचे फोटो काढायला जाणाऱ्यांचं तेच, दुर्बिणी बनवणाऱ्यांचं तेच, रिमोटची विमानं उडवणाऱ्यांचंही तेच. समोरचा दुकानदार आपल्या विषयातला जाणकार असतो. त्याने चाकांच्या अंतरावर चार परिच्छेद लिहिलेले असतात. असा माणूस लबाड असेल हे मनाला पटतच नाही.

आणि तो लबाड नसतोच बहुतेक वेळा! दादाचं इंजिन वेळेवर आलं. तीन थरांचं पॅकिंग, आत हाताने लिहिलेली चिठ्ठी. दुकान शंभर टक्के खरं होतं. त्यामुळे पुढे जे झालं त्याचा संबंध दादाने त्या दुकानाशी जोडलाच नाही.

इंजिन आल्यानंतर तीनेक आठवड्यांनी रात्री दोन वाजता मेसेज आला. एका डॉलरचा व्यवहार, कुठल्याशा अनोळखी नावाने. दादाला वाटलं पोस्टेजचा काही फरक असेल. दोन दिवसांनी २३,४००. त्यानंतर तासाभरात १८,७००. ओटीपी एकदाही आला नाही. फक्त पैसे गेल्याचे मेसेज.

आता मी दिलेल्या सल्ल्यात चूक कुठे होती ते सांगतो, कारण माझी खात्री आहे की तुमच्यापैकी निम्म्या मंडळींनी आपापल्या घरी हाच सल्ला दिलाय.

ओटीपी ही जगाची रीत नाही, आपल्या देशाची आहे. ऑनलाइन कार्ड वापरताना नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही यांच्या पलीकडे आणखी एक खूण पटवलीच पाहिजे, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑगस्ट २००९ पासून लागू झाला. चांगला नियम. पण तो देशातल्या व्यवहारांना. परदेशी दुकानाचे पैसे तिथली बँक गोळा करते, आणि तिच्यावर आपल्या रिझर्व्ह बँकेचा हुकूम चालत नाही. त्या दुकानाने मागितली तरच ओटीपीची पायरी येते. नाही मागितली तर कार्डावर छापलेले आकडे हीच किल्ली. म्हणजे भारतात आपल्या दाराला दोन कुलपं आणि मागच्या दाराला नुसती कडी!

सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने याबद्दल नवे निर्देश काढले आणि परदेशी ऑनलाइन व्यवहारांसाठी बँकांना १ ऑक्टोबर २०२६ ही तारीख घालून दिली. पण नीट वाचलं तर त्यातही परदेशी दुकानाने पडताळणी मागितली तर बँकेने ती करायची, असाच मामला आहे. न मागणारं दुकान जगात कायम राहणारच. म्हणून नियम आला, आता निर्धास्त, असं समजू नये.

बरं, आकडे गेले कसे? दादाच्या बाबतीत मी पुराव्याने सांगू शकत नाही, पण माझा अंदाज सांगतो. असली छोटी दुकानं एखादा हौशी माणूस चालवतो. दुकानाचं सॉफ्टवेअर कधीतरी भाच्याने बसवून दिलेलं असतं, त्यानंतर कुणी हात लावलेला नसतो. चोर त्यात शिरतात आणि पैसे भरायच्या पानावर जावास्क्रिप्टच्या पंधरा-वीस ओळी डकवून ठेवतात. तुम्ही नंबर टाइप करता तेव्हा तो दुकानाला जातो आणि त्याच क्षणी चोरालाही. दुकानाने सीव्हीव्ही साठवू नये असा कार्ड कंपन्यांचा दंडक आहे, पण इथे साठवायची गरजच नाही, टाइप होतानाच उचलला! ब्राउझरमधलं कुलपाचं चित्र तेव्हाही शाबूत असतं, कारण त्याचा अर्थ एवढाच की वाटेत कुणी चोरून बघत नाही. दुकानातच चोर बसला असेल तर ते कुलूप काय करणार?

ही कल्पनेतली भीती नाही. मॅजेंटो नावाचं दुकानांचं सॉफ्टवेअर फार लोकप्रिय होतं. त्याच्या पहिल्या आवृत्तीची देखभाल जून २०२० मध्ये थांबली, आणि सप्टेंबर २०२० मध्ये एकाच वीकेंडला सुमारे दोन हजार दुकानांत असा चोर-कोड घुसवला गेला. छोट्यांचंच कशाला, २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या वेबसाइटवर असाच कोड पंधरा दिवस बसून होता. चार लाखांहून अधिक ग्राहकांची माहिती धोक्यात आली आणि पुढे कंपनीला दोन कोटी पौंडांचा दंड झाला. विमान कंपनीला पंधरा दिवस पत्ता लागत नाही, तिथे इंजिनं विकणाऱ्या एकट्या माणसाला काय लागणार?

तो एका डॉलरचा मेसेज आठवतोय? ती चाचणी होती. चोरलेले नंबर हजारोंनी विकले जातात. घेणारा आधी चिल्लर रक्कम टाकून बघतो, कार्ड जिवंत आहे का. चोर येण्याआधी बेल वाजवून जातो तसं. दादाने त्या रात्री कार्ड बंद केलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

मग का नाही केलं? इथे गोष्ट तंत्रज्ञानातून बाहेर पडते आणि घरात शिरते.

ते इंजिन १४,००० रुपयांचं होतं. दादाने वहिनींना १,४०० सांगितलं होतं. एक शून्य खाल्लं! त्यामुळे कार्डाबद्दल घरात बोलायची सोय नव्हती. आणि मला का नाही सांगितलं? कारण मी त्याच्या माडीवरच्या स्टेशनला "खेळण्यातल्या गाड्या" म्हणायचो. सगळ्या नातेवाइकांसमोर, दरवेळी. तो गप्प बसला. बिल बघू, काहीतरी चुकून झालं असेल, परत येतील पैसे, असं म्हणत सोळा दिवस गेले. शेवटी बिल आलं, घरचा हिशेब वहिनी ठेवतात, त्यांनी पाहिलं, आणि त्या रात्री मला फोन आला. दादाचा नाही, वहिनींचा.

"भावजी, हे काय आहे हो? यांनी काही उद्योग केलाय का?"

सोळा दिवस. हा आकडा का महत्त्वाचा, ते प्रत्येक कार्डवाल्याला पाठ पाहिजे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात हिशेब घालून दिला. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणाची आहे, आणि बँकेचा मेसेज मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत तोटा तुमचा. पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डाला ती मर्यादा १०,००० रुपये. सात दिवसांनंतर सगळं बँकेच्या धोरणावर. आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर टाकलेली. म्हणजे दादाने पहिल्या दिवशी तोंड उघडलं असतं तर त्याला एक रुपयाही भरावा लागला नसता. आता १८,७०० परत आले, कारण त्या दुकानाने माल पाठवलाच नव्हता. २३,४०० बँकेने नाकारले. ते दादा हप्त्यांनी फेडतोय.

पुणेकरांना २०१८ चं कॉसमॉस बँकेचं प्रकरण आठवत असेल. ऑगस्टमध्ये दोन दिवसांत ९४ कोटी गेले, २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघाले. तेव्हा बँकेने सांगितलं की तोटा बँकेचा, ग्राहकांच्या खात्यांना धक्का नाही. बँक लुटली गेली की पेपरात पहिल्या पानावर येतं, पोलिसांचं पथक नेमलं जातं. माडीवरचा दादा लुटला गेला की तो गप्प बसतो. चोरांचा धंदा त्या गप्प बसण्यावर चालतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून माझा सुधारलेला सल्ला.

परदेशी खरेदीला वेगळं कार्ड ठेवा, मर्यादा अगदी कमी. डेबिट कार्ड नकोच, तिथे आधी तुमचा पगार जातो आणि मग भांडण सुरू होतं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहाराचं बटण असतं. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये बँकांना ही सोय द्यायला लावली. दादाने पहिल्या खरेदीला ते चालू केलं आणि तसंच ठेवलं. खरेदीपुरतं पाच मिनिटं चालू करा आणि लगेच बंद करा. (हे बटण अ‍ॅपच्या चौथ्या पडद्यावर का दडवतात आणि खरेदीनंतर आपोआप बंद का होत नाही, हे बँकांना विचारायला हवं. आमच्या धंद्यात हे फार तर दोन दिवसांचं काम आहे.) कार्ड साठवू का, असं परदेशी दुकानाने विचारलं तर नाही म्हणा. आपल्याकडच्या दुकानांना १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्डाचा नंबर साठवता येत नाही, पण तो नियमही सीमेवरच थांबतो. आणि अनोळखी नावाचा एक रुपया जरी गेला तरी आधी कार्ड बंद, मग बँकेला लेखी तक्रार, मग १९३० ला फोन. उशीर न करता, त्याच दिवशी.

पण हे सगळं यंत्राचं झालं. खरा सल्ला शेवटचा आहे. छंद लपवू नका. आणि घरात दुसऱ्या कुणाचा छंद असेल तर त्याला हसू नका. ज्याला हसलो तो अडचणीत आपल्याकडे येत नाही, आणि यात तीनच दिवस मिळतात. दादाच्या २३,४०० मध्ये माझाही वाटा आहे असं मी मानतो. त्यातले निम्मे देऊ केले, त्याने घेतले नाहीत. मग त्याच्या स्टेशनला सिग्नलचं सर्किट करून द्यायचं ठरलं. गेले तीन वीकेंड मी शिरूरहून बाइकवर दौंडला जातोय.

मागच्या रविवारी सोल्डरिंग चाललं होतं. दादाने खालच्या मजल्यावर हाक मारली,

"अगं, डबे बघितलेत दोन. इंटरनॅशनल चालू कर ना पाच मिनिटं."

हल्ली ते बटण वहिनींच्या ताब्यात असतं. खालून आवाज आला,

"केवढ्याचे?"

दादाने माझ्याकडे पाहिलं, आवंढा गिळला आणि खरा आकडा सांगितला. सगळ्या शून्यांसकट.