किती टक्के ब्लॉक?

हार्टचा रिपोर्ट आला की आपल्याकडे पहिला प्रश्न हाच. सत्तर म्हटलं की घरात रडारड, चाळीस म्हटलं की हुश्श. मला हा प्रश्नच अर्धवट वाटतो. ब्लॉक नेमका कुठे आहे आणि त्यापुढच्या स्नायूला रक्त खरंच कमी पडतंय का, हे कोणी विचारतच नाही.

कॅथेटर न घालता हे कळू शकतं. सीटी अँजिओ रक्तवाहिनीचं चित्र देते. आमच्या धंद्यात सांगायचं तर कोड रिव्ह्यू: दोष दिसतो, पण लोड आल्यावर सिस्टीम बसेल का ते कळेलच असं नाही. लोड टेस्ट म्हणजे परफ्यूजन स्कॅन. (लोक अजून 'स्ट्रेस थॅलियम'च म्हणतात, आत बहुतेकदा टेक्नेशियम असतं.)

या स्कॅनचा निकाल म्हणजे 17 भागांचा गोल रंगीत नकाशा. आमचं जूचंद्र रांगोळीकारांचं गाव, तेव्हा इथे समजावायला सोपं! मधोमध हृदयाचं टोक. वरचा भाग साधारण एलएडीचा, खालचा उजव्या धमनीचा, उजवी कड सरकमफ्लेक्सची. ताणाखाली रंग फिका पण आरामात भरलेला, तर रक्त कमी पडतंय, स्नायू मात्र जिवंत आहे. दोन्ही वेळा फिका, तर बहुधा जुन्या अटॅकचा व्रण.

गोची अशी की हे रंग तुलनेने भरलेले असतात. सगळ्यात चांगला भाग शंभर धरायचा, बाकीचे त्याच्या मानाने. तिन्ही धमन्या सारख्याच आखडल्या असतील तर नकाशा चक्क नॉर्मल दिसू शकतो.

आणि 'कुठे' का महत्त्वाचं? 2020 साली आलेल्या इस्केमिया चाचणीत 5179 पेशंट होते. औषधांसोबत लगेच अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास केलेल्यांत, आधी फक्त औषधं घेतलेल्यांपेक्षा मृत्यू किंवा अटॅक कमी झाले असं दिसलं नाही. पण डाव्या मुख्य धमनीत मोठा ब्लॉक असलेल्यांना या चाचणीत घेतलंच नव्हतं. म्हणजे तोच सत्तरचा आकडा, जागा बदलली की निर्णय बदलतो.

म्हणून काही त्रास नसताना तिशीतल्या मंडळींनी पॅकेजमध्ये सीटी अँजिओ उरकून घ्यावी, हे मला पटत नाही. आईबाबांना चालताना छातीत भरून येत असेल तर मात्र डॉक्टरांना जरूर विचारा: यांच्यासाठी आधी कुठली तपासणी, आणि का?

छाती आत्ता दुखत असेल तर यातलं काहीच नको. हायवेचं ट्रॅफिक तुम्हाला माहीतच आहे. जवळ जिथे लगेच ईसीजी निघेल ते हॉस्पिटल आधी गाठा.