फटफटी, डेसिबल आणि शेजारधर्म



हिवाळा आला की इथली हवा सुधारते आणि आमच्या अल रय्यानमधल्या घरांच्या खिडक्या उघडतात. मे ते सप्टेंबर एसीच्या घरघरीत बाहेरचं काही कानावर पडत नाही. नोव्हेंबरात खिडकी उघडली, की शेजारच्या मजलिसमधल्या गप्पांबरोबर गुरुवारी रात्री लांबून येणारा मोटरसायकलींचा आवाजही घरात शिरतो. मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या वेळी हल्ली हा विषय हमखास निघतो आणि लगेच दोन पक्ष पडतात. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, "हे सगळं बंद करा." तरुण मुलं म्हणतात, "अहो काका, ट्रॅकवर नाही चालवायची, तर मग कुठे चालवायची?" दोन्ही पक्षांचं म्हणणं खरं असल्यामुळे वाद काही मिटत नाही. म्हणून या वेळी आम्ही हे भांडण जरा आकड्यांत मांडून बघायचं ठरवलं आहे.

आधी भूगोल. मोटरसायकलींचं मोठं मैदान म्हणजे दोह्याच्या उत्तरेला असलेलं लुसैल सर्किट. लांबी ५.३८ किलोमीटर. २ ऑक्टोबर २००४ रोजी इथे मोटोजीपीची पहिली शर्यत झाली आणि स्पेनचा सेते जिबर्नाऊ जिंकला. २००८ साली याच ट्रॅकवर मोटोजीपीची जगातली पहिली रात्रीची शर्यत झाली, ती जिंकली केसी स्टोनरनं. आमच्या बाजूला, औद्योगिक वसाहतीत कतार रेसिंग क्लब आहे. तिथे ड्रॅग रेसिंग चालतं, म्हणजे वळणं नाहीत, सरळ पट्टीवर सुसाट धावायचं. गाड्याही धावतात आणि मोटरसायकलीही.

आता मर्यादेकडे येऊ. "मर्यादा किती डेसिबल?" असं कुणी विचारलं, तर त्याला उलट विचारायचं, "कुठे मोजलेली?" त्याशिवाय आकड्याला काही अर्थ नाही. ग्रां प्री शर्यतीत आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाची मर्यादा १३० डेसिबल आहे. पण ती एक्झॉस्टच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात मायक्रोफोन धरून मोजलेली. ब्रिटनमधल्या बऱ्याच ट्रॅकांवर हौशी लोकांच्या सरावाच्या दिवशी अशाच पद्धतीनं मोजून १०५ ची मर्यादा असते. गाडी उभी करून, इंजिन ठरावीक फेऱ्यांवर नेऊन मोजायचं, आणि पास झाली तरच ट्रॅकवर सोडायची. कॅलिफोर्नियातल्या लगुना सेका ट्रॅकवर तर बाजूलाच मायक्रोफोन बसवलेला असतो. मर्यादा ओलांडली की काळा झेंडा, बाहेर या.

आता शाळेतला पाढा काढू. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. अर्ध्या मीटरपासून एक किलोमीटरपर्यंत जाताना अंतर अकरा वेळा दुप्पट होतं. अकरा सक सहासष्ट. म्हणजे १३० ची गाडी किलोमीटरभर लांबच्या खिडकीत ६४ ची होते आणि १०५ ची गाडी ३९ ची. एक गाडी असेल तर इतकंच. पण वीस गाड्या एकदम सुटल्या तर त्यात आणखी १३ मिळवायचे. पहिला आकडा होतो ७७, दुसरा ५२. यात वारा, भिंती, इमारती काही धरलेलं नाही, तेव्हा हा कागदावरचा ढोबळ हिशोब समजा. पण दिशा कळायला पुरे.

आता हे आकडे आपल्या भारतातल्या नियमांशेजारी ठेवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. त्या मापानं १०५ च्या वीस गाड्या दिवसा पास आणि रात्री नापास! गाड्या त्याच, ट्रॅक तोच, घर तेच. फरक फक्त घड्याळाचा.

आणि इथेच कतारची खरी गोची आहे. युरोपात दिवसा ट्रॅक चालवतात आणि संध्याकाळी कुलूप लावतात. इथे उन्हामुळे खेळच रात्रीवर ढकलला गेला आहे. त्यात वाळवंटाची रात्र आवाजाला साथ देते. सूर्य मावळला की जमीन भराभर थंड होते, वरची हवा मात्र उबदार राहते. अशा वेळी वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि दिवसापेक्षा पुष्कळ लांब पोचतो. त्यात शमाल, म्हणजे उत्तर-पश्चिमेचा वारा सुटला, की वाऱ्याखालच्या वस्तीला आवाज आणखी जवळचा वाटतो. "दिवसा तर एवढं ऐकू येत नाही हो," असं गृहिणी सांगतात तेव्हा तो भास नसतो, ते पदार्थविज्ञान असतं. म्हणून आमचं म्हणणं असं, की या देशात डेसिबलच्या मर्यादेआधी वेळेची मर्यादा हवी.

यावर नेहमीचं उत्तर येतं, "ट्रॅक आधीपासून होता, तुम्ही नंतर आलात." लुसैलच्या बाबतीत हे शब्दशः खरं आहे. २००४ साली तिथे वाळवंट होतं, शहर नंतर उभं राहिलं. पण हा युक्तिवाद कोर्टात टिकतो का? इंग्लंडमध्ये सफोक परगण्यात मिल्डनहॉल इथे स्पीडवे स्टेडियम आहे, शेजारी मोटोक्रॉसचा ट्रॅक. १९७० च्या दशकापासून तिथे शर्यती चालू होत्या. २००६ साली एका जोडप्यानं जवळचा बंगला घेतला आणि आवाजाविरुद्ध दावा लावला. खालच्या कोर्टात जिंकले, अपिलात हरले, आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयात पुन्हा जिंकले. न्यायालय म्हणालं, घर नंतर घेतलं एवढ्यानं उपद्रव माफ होत नाही. पण त्याच निकालात हेही सांगितलं, की प्रत्येक वेळी बंदीच घातली पाहिजे असं नाही, नुकसानभरपाईनंही न्याय होऊ शकतो. त्याआधी २००९ साली यॉर्कशरमधल्या क्रॉफ्ट सर्किटच्या खटल्यात अपील न्यायालयानं जास्त आवाजाचे दिवस वर्षाला ४० वर आणले. अमेरिकेत लाइम रॉक ट्रॅकवर १९५९ सालच्या कोर्टाच्या आदेशानं रविवारची शर्यत बंद झाली, आणि ट्रॅक आजही चालू आहे. तात्पर्य काय, ज्यांनी दिवस आणि वेळ वाटून घेतले, त्यांचा खेळही राहिला आणि शेजारही.

आता थोडं आपल्या घरात डोकावू. भारतात १७५ सीसीच्या वरच्या नव्या मोटरसायकलीला ८० डेसिबलची मर्यादा आहे. तरी पुंगळी काढलेली बुलेट कुठल्या गल्लीत नसते? महाराष्ट्रातल्या काही शहरांत पोलिसांनी असे जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावर रोलर फिरवला आहे. मुंबईत डॉ. यशवंत ओक यांनी आणि पुढे सुमैरा अब्दुलअली यांनी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, त्या लाउडस्पीकर आणि फटाक्यांसाठी, म्हणजे आपल्याच सणांच्या आवाजासाठी. ढोलताशा ऐकला की आमचाही ऊर भरून येतो. पण कानाच्या आतल्या नाजूक पेशींना बुलेट कुठली आणि ताशा कुठला हे कळत नाही. ८५ डेसिबलमध्ये आठ तास ही कामाच्या जागेसाठी सांगितलेली मर्यादा. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं. गेलेली ऐकण्याची शक्ती परत येत नाही. तेव्हा ट्रॅकवर जाणाऱ्या चिरंजीवांनी (आणि कन्यांनीही) हेल्मेटच्या आत इअरप्लग घालावेत, आणि बघायला जाणाऱ्या आईबाबांनी लहानग्यांच्या कानांवर इअरमफ चढवावेत. आवाजाचा पहिला बळी शेजारी नसतो, चालवणारा असतो.

एक गोष्ट मात्र चहाच्या वेळच्या वादात कुणीच बोललं नाही. औद्योगिक वसाहतीच्या परिसरात कामगारांच्या मोठाल्या वस्त्या आहेत. एका खोलीत कितीतरी जण, आणि पहाटे चार-साडेचारला उठून बस पकडायची. आम्ही व्हिलात राहणारे काचा लावून घेऊ, नाहीतर घर बदलू. त्यांना दोन्ही करता येत नाही, आणि आवाजाची तक्रार करायला त्यांच्यातला कुणी जाईल असं वाटत नाही. रात्री आवाज किती असावा हे ठरवताना मायक्रोफोन सगळ्यात आधी कुठे ठेवायचा, याचं उत्तर आमच्या मते त्या खोल्यांच्या खिडकीत आहे. ज्याला सकाळी सर्वांत लवकर उठायचं, त्याच्या झोपेवरून घड्याळ लावावं.

मग काय, बंद करा म्हणायचं? नाही. ट्रॅक बंद झाला तर मुलं मोटरसायकल विकणार नाहीत, ती सलवा रोडवर येतील, आणि तिथे कडेला वाळूचा खड्डा नसतो, ट्रेलर असतो. आम्हाला कानापेक्षा त्याची धास्ती जास्त आहे. म्हणून दोन्ही पक्षांना हात जोडून सांगणं इतकंच. मुलांनो, एक्झॉस्टमध्ये डीबी किलर बसवा. घरी येताना गल्लीच्या तोंडापासून गाडी हळू आणा. ट्रॅकवर दहानंतरच्या फेऱ्या मागू नका. आणि काका-काकूंनो, तक्रार करायचीच तर "बंद करा" असं न लिहिता तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहा. अशा अर्जाला उत्तर देणं भाग पडतं. नवीन घर बघायला जाणार असाल, तर दुपारी जाऊ नका. गुरुवारी रात्री दहाला जा आणि पाच मिनिटं खिडकी उघडून उभे राहा.

आपली मतं जरूर कळवा. पुढच्या अंकात भेटूच.