पॅगोड्याची जमीन आणि पडद्यावरची सत्ता

गोराईचा विश्व विपश्यना पॅगोडा ज्या जमिनीवर उभा आहे, ती दान देणारे उद्योगपती म्हणजे झी समूहाचे सुभाष चंद्रा. विपश्यनेबद्दल आपल्या चळवळीत मतभेद आहेत; तरी या दानाची कृतज्ञता ठेवायला हरकत नाही. पण दाता म्हणून माणूस ओळखीचा झाला की त्याच्या सत्तेची चिकित्सा करायची राहून जाते.

हिसारच्या व्यापारी कुटुंबातून आलेल्या चंद्रा यांनी २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू केला. दूरदर्शनची मक्तेदारी मोडणारा धाडसी उद्योजक ही त्यांची प्रतिमा तिथून घडली. १९९९ मध्ये आलेली अल्फा मराठी, म्हणजे आजची झी मराठी, आपल्याही घरात पोचली. २०१६ मध्ये त्यांच्या आत्मचरित्राचे प्रकाशन पंतप्रधान मोदींच्या हस्ते झाले. त्याच वर्षी भाजपच्या पाठिंब्यावर ते हरियाणातून अपक्ष म्हणून राज्यसभेत गेले. वृत्तवाहिनीचा मालक सत्तेच्या इतका जवळ असेल, तर सत्तेला प्रश्न कोणी विचारायचे?

पुढे पायाभूत प्रकल्पांतले कर्ज अंगावर आले. जानेवारी २०१९ मध्ये त्यांनी जाहीर पत्र लिहून कर्जदात्यांची माफी मागितली. झी एंटरटेनमेंटमधला कुटुंबाचा हिस्सा पाच टक्क्यांच्याही खाली आला.

त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये समूहाच्या अँड टीव्हीवर बाबासाहेबांवरील हिंदी मालिका सुरू झाली. आपला प्रेक्षकवर्ग मोठा आहे, हे बाजाराला कळले आहे. पण २०१९ च्याच ऑक्सफॅम-न्यूजलॉन्ड्री अहवालात माध्यमांतील १२१ वरिष्ठ पदांपैकी १०६ पदांवर सवर्ण होते. अनुसूचित जाती-जमातींचा एकही माणूस नव्हता. हे चित्र एका समूहाचे नाही, देशातल्या माध्यमांचे आहे. बाबासाहेब मालिकेत चालतात, पण बातमी ठरवणाऱ्या खुर्चीवर त्यांचा अनुयायी नसतो.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला, कारण दुसऱ्यांच्या पत्रांत आपल्या दुःखाला जागा नव्हती. १९४३ मध्ये पुण्याच्या भाषणात त्यांनी पत्रकारितेचा धंदा झाल्याची टीकाही केली. म्हणून तरुणांनी वाहिनी पाहताना मालक कोण, त्याचे हितसंबंध काय आणि बातमी कोण ठरवतो, हे तपासावे. त्यासोबत आपल्या वृत्तपत्रांना, यूट्यूब वाहिन्यांना वर्गणी द्यावी आणि त्यांच्यासाठी बातम्या लिहाव्यात. दान स्वीकारताना हात जोडावेत. प्रश्न विचारायचे मात्र सोडू नयेत.