आधी तांब्या, मग चेहरा

पेन्सिलने हुबेहूब चित्र काढायला नव्याने बसलेला माणूस आज बहुधा एकाच वाटेने जातो. मोबाइलवर आवडत्या नटाचा किंवा क्रिकेटपटूचा फोटो उघडायचा, त्यावर चौकटी आखायच्या, तितक्याच चौकटी कार्ट्रिज पेपरवर आखायच्या आणि एकेक चौकोन भरत जायचे. पापण्यांचे केस, ओठांवरच्या बारीक रेघा, गालावरची छिद्रे, सगळे उतरते. पाहणारे म्हणतात, फोटोच वाटतो! ही दाद खोटी नसते, तिच्यामागची मेहनतही खोटी नसते. तरीही नवशिक्याने निदान पहिले वर्षभर फोटो बाजूला ठेवावा, असे माझे मत आहे. फोटोवरून काढणे म्हणजे लबाडी, हा आक्षेप जुना आहे आणि उथळही. त्यात मी पडत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. वास्तववादी चित्र काढताना जे शिकायचे असते, त्यातला मोठा भाग कॅमेऱ्याने आधीच उरकून टाकलेला असतो आणि शिकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

खिडकीशी स्टुलावर पितळेचा तांब्या ठेवून पाहा. त्याच्या पोटावरचा लखलखता ठिपका आणि मागच्या कोपऱ्यातला अंधार यांच्यातले अंतर इतके मोठे असते की ते कागद आणि शिसे यांच्या आवाक्यात मावत नाही. कागदाच्या पांढऱ्याहून पांढरे काही काढता येत नाही, आणि ग्राफाइटचे काळे हे पुरते काळे नसतेच. ग्राफाइट पापुद्र्यापापुद्र्यांचे असते. दाबून घासले की पापुद्रे सपाट होऊन चकाकतात. म्हणून ६बी किंवा ८बी जितकी गिरवावी तितका तो भाग तिरप्या उजेडात राखाडीच दिसतो. कोळशाला हा त्रास नाही, पण कोळशाची कांडी पेन्सिलीइतके बारीक काम देत नाही. तेव्हा तांब्या काढणाऱ्याला कुठेतरी पाणी सोडावे लागते. ठिपक्याची चमक राखायची तर तांब्याचे उरलेले अंग एक पायरी गडद घ्यावे लागते. तसे केले की त्याची सावलीतली बाजू आणि मागचा अंधार एकमेकांत मिसळू लागतात आणि कड हरवते. ती हरवू द्यायची, की मागची भिंत थोडी उजळ करून वाचवायची? दोन्ही उत्तरे चालतात, फक्त ती कोणीतरी द्यावी लागतात. शिवाय पितळ आरशासारखे वागते. मान जराशी हलवली तरी त्यातली खिडकी सरकते, म्हणजे नक्की कुठल्या क्षणाची खिडकी काढायची हेही ठरवावे लागते. फोटोत यातले काहीच शिल्लक नसते. खिडकी एका जागी गोठलेली असते, अंधार किती काळा ठेवायचा हे मोबाइलमधल्या आज्ञावलीने ठरवलेले असते, आणि बरेच मोबाइल तर सावल्या आपणहून उजळूनच दाखवतात. नक्कल करणारा या निवाड्यांची प्रत काढतो. निवाडा कसा करतात ते त्याला कळत नाही.

नवशिक्याचा हात वळत नाही म्हणून चित्र बिघडते, ही आपल्याकडची घट्ट समजूत आहे. डेल कोहेन आणि सुसान बेनेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये नेमका हा प्रश्न तपासला: समोर दिसते ते बहुतेकांना काढता का येत नाही? हात, निवड आणि नजर यांना त्यांनी वेगवेगळे करून पाहिले, आणि मुख्य दोष हाताचा नसून वस्तू चुकीची पाहिली जाण्याचा आहे, असा निष्कर्ष काढला. तांब्याच्या चित्रात हे ठळक दिसते. नवशिका तोंडाच्या लंबवर्तुळाला दोन्ही बाजूंना टोके काढतो आणि बूड सरळ रेघेने संपवतो, कारण तांब्या सपाट जागेवर उभा आहे हे त्याला ठाऊक असते. प्रत्यक्षात डोळ्यांच्या पातळीपासून जितके खाली जावे तितके वर्तुळ अधिक उघडते, म्हणून बुडाची गोलाई तोंडाच्या गोलाईहून भरलेली दिसते. चेहऱ्यात तेच होते. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. नवशिका ते बरेच वर बसवतो, कारण कपाळ आणि केसांखालची कवटी त्याच्या लेखी बिनमहत्त्वाची असते. चौकटींची युक्ती ही चूक पुसून टाकते, दुरुस्त मात्र करत नाही. प्रत्येक चौकोन इतका लहान असतो की तिथे डोके नसतेच, नुसते राखाडी डाग असतात. म्हणून हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत फुगलेले नाक आणि मागे गेलेले कान चित्रात जसेच्या तसे उतरतात, आणि काढणाऱ्याला ते खटकतही नाहीत.

यावर कोणी म्हणेल, साधने तर थोरामोठ्यांनीही वापरली. वापरली, आणि ती कशी वापरली हे पाहण्यासारखे आहे. व्हिन्सेंट व्हॅन गॉग १८८० मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, चित्रकलेकडे वळला आणि चार्ल्स बार्ग याच्या चित्रपाठांतली पाने त्याने पुन्हापुन्हा उतरवली. म्हणजे त्यानेही सपाट कागदावरूनच नक्कल केली. पण बार्गच्या पानांत एका कसलेल्या माणसाचे निर्णय उघडे दिसतात: वळणदार कड आधी सरळ तुकड्यांत कशी मोडावी, सगळी सावली एका सलग आकारात कशी बांधावी. फोटो असले काही सांगत नाही. पुढे हेगमध्ये १८८२ साली त्याने दोऱ्या ताणलेली लाकडी चौकट वापरली, ती थेट शेतांवर आणि समुद्रकिनाऱ्यावर रोखून. चौकटीपलीकडे खरे जग असेल तर छटांचे सगळे निर्णय काढणाऱ्याकडेच राहतात. चित्रकार विया सेल्मिन्सचे उदाहरण तर फोटोच्या बाजूने नेहमी दिले जाते. तिने साठच्या दशकाच्या अखेरीपासून स्वतः टिपलेल्या फोटोंवरून ग्राफाइटमध्ये समुद्राचे पृष्ठभाग काढले, आणि ती चित्रे थक्क करणारी आहेत. पण त्याआधी, १९६४ मध्ये, ती आपल्या स्टुडिओतला हीटर आणि दिवा समोर ठेवून रंगवत होती.

खेड्यातल्या मुलाला ना क्लास, ना मॉडेल; त्याच्या हाती एक मोबाइल आहे, तोही काढून घेता का, हा आक्षेप जास्त जड आहे. त्याचा मान राखूनच सांगतो: तांब्या, चप्पल, शेजारी झोपलेले मांजर आणि स्वतःचा डावा हात यांना डेटा पॅक लागत नाही. एक एचबी, एक ४बी, खोडरबर आणि पाठकोरे कागद एवढ्यात वर्ष निघते. महाराष्ट्रात तर याची व्यवस्थाही आहे. कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षांना, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला, दरवर्षी शाळाशाळांतून मुले बसतात, आणि वस्तू समोर मांडून ती काढणे हा त्या परीक्षांचा जुना विषय आहे. दुर्दैव असे की अनेक ठिकाणी या परीक्षांकडे दहावीच्या वाढीव गुणांची खिडकी म्हणूनच पाहिले जाते, आणि ठरावीक मांडणी, ठरावीक शेडिंग घोटून घेतले जाते. मुलाला वस्तुचित्राचा कंटाळा येतो तो असा. या पद्धतीवर वसाहतीचा शिक्का आहे हेही खरे. १८५७ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आपली मुले ग्रीक पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती गिरवत बसली, यावर पुढे पुष्कळ टीका झाली आणि ती रास्त होती. पण टीका अपोलोच्या नाकावर होती. पाहण्यावर ती लागू होत नाही.

उरला पोटापाण्याचा मुद्दा. वाढदिवसाला, लग्नाला फोटोवरून पेन्सिल-व्यक्तिचित्रे काढून देणे हा आज अनेक तरुणांचा सरळ धंदा आहे, आणि त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. वारलेल्या आजोबांचे चित्र त्यांच्या पासपोर्ट आकाराच्या फोटोवरूनच निघणार. पण खरी परीक्षा तिथेच होते. त्या छोट्या, पिवळ्या पडलेल्या फोटोत डोळ्याची खोबण म्हणजे एक काळा डाग असतो आणि जबड्याची कड मानेत विरघळलेली असते. ज्याने जिवंत डोकी पाहून काढली आहेत त्याला त्या डागात काय असणार ते कळते. ज्याने फक्त चौकोन भरले, तो डाग डागासारखाच मोठा करतो. नेपोलियनच्या पाडावानंतर रोममध्ये अडकलेला चित्रकार अँग्र याच धंद्यावर जगत होता: येणाऱ्या प्रवाशांची पेन्सिल-चित्रे काढून. त्यांत चेहरा हळुवार छटांनी पुरा केलेला असतो आणि कोट, झगा, खुर्ची थोडक्या रेघांत उरकलेली असते. गिऱ्हाईक तेव्हाही हुबेहूबच मागत होते. कोटाचे प्रत्येक बटण घोटले नाही म्हणून ती चित्रे कोणाला कमी खरी वाटत नाहीत, कारण कुठे थांबायचे हे समोर बसलेल्या माणसाकडे पाहून ठरलेले आहे.

एक साधी सूचना करावीशी वाटते. शाळांच्या आणि गावोगावच्या हौशी कलाप्रदर्शनांत चित्राखालच्या चिठ्ठीवर नाव आणि इयत्ता असते, तिथे ‘वस्तू पाहून’ किंवा ‘फोटोवरून’ एवढे दोन शब्द आणखी लिहावेत आणि बक्षिसे वेगळी ठेवावीत. आज परीक्षकासमोर एकीकडे घासूनपुसून गुळगुळीत केलेला नटाचा चेहरा असतो आणि दुसरीकडे जरा वाकडा, पण खिडकीच्या उजेडात खरोखर बसलेला तांब्या. दोन्ही एकाच रांगेत लावले की तांब्या हरतो, आणि पुढच्या वर्षी तो काढणारी मुलगीही नटाचा फोटो शोधू लागते.