पलटण बदलते तेव्हा

कसबा पेठेतल्या तांबट आळीत आता पूर्वीइतके हातोडे वाजत नाहीत. पण जे वाजतात त्यांचा ठोका अजून तोच आहे. तांब्याच्या भांड्यावर मठार मारण्याचे काम बाहेरून पाहणाऱ्याला सोपे वाटते. एकसारखे ठोके मारत जायचे, एवढेच! प्रत्यक्षात तो हात बसायला वर्षे जातात आणि हात बसेपर्यंत शिकाऊ पोराकडून काही भांडी बिघडतात. त्या बिघडलेल्या तांब्याचा खर्च कोणी सोसायचा? आणि पोराचा हात बसला की, ज्याने आयुष्यभर ठोके मारले त्या म्हाताऱ्याने कुठे बसायचे?

हा प्रश्न फक्त तांबटांचा नाही. गणपती मंडळाच्या कार्यकारिणीपासून घरातल्या किल्ल्यांच्या जुडग्यापर्यंत तो सगळीकडे आहे. पण त्याचे सर्वांत उघडे, आकड्यांत मोजता येणारे रूप पाहायचे असेल, तर खेळाच्या मैदानाकडे वळावे.

अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम चालू असतानाच खेळाडूंची अदलाबदल होते. जो संघ मागे पडला तो आपले मुरलेले खेळाडू पुढे असलेल्या संघाला देऊन टाकतो आणि त्या बदल्यात दुय्यम लीगमधली, नावही न ऐकलेली पोरे घेतो. १९८७च्या ऑगस्टमध्ये अटलांटाने डॉयल अलेक्झांडर हा ३६ वर्षांचा गोलंदाज डेट्रॉइटला दिला आणि वीस वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ घेतला. अलेक्झांडरने डेट्रॉइटसाठी त्या हंगामात नऊ सामने जिंकले, एकही हरला नाही. सौदा डेट्रॉइटला लाभला, असेच तेव्हा कोणीही म्हटले असते. पण दोन वर्षांनी अलेक्झांडरची कारकीर्द संपली आणि स्मोल्ट्झने पुढे अटलांटाकडून दोनशेहून अधिक सामने जिंकले. १९९५मध्ये अटलांटाने विजेतेपद पटकावले, तेव्हा तो त्या संघात होता. एकाला आजचे जेवण मिळाले, दुसऱ्याला बियाणे!

आपल्याकडे असा सौदा भर हंगामात होत नाही. पण त्याच्या अगदी जवळ जाणारी गोष्ट आपल्या पुण्याच्याच संघाने करून दाखवली आहे. प्रो कबड्डीचा आठवा हंगाम २०२१च्या डिसेंबरात सुरू झाला. करोनामुळे सगळे सामने बंगळुरूत, प्रेक्षकांविना झाले. पुणेरी पलटणीने राहुल चौधरी आणि नितीन तोमर या दोन नामवंत चढाईपटूंवर भिस्त ठेवली होती. राहुल म्हणजे लीगच्या पहिल्या वर्षांतला सर्वांत लाडका खेळाडू. नितीन म्हणजे २०१७च्या लिलावात ९३ लाखांची, त्या वर्षीची सर्वोच्च बोली मिळवलेला गडी. तरीही सुरुवातीला पराभवच अधिक पदरी पडले. मग प्रशिक्षक अनुपकुमार यांनी चढाईचा भार दोन नवख्या पोरांच्या खांद्यावर दिला. नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि हरियाणाचा मोहित गोयत. दोघांनीही त्या हंगामात शंभरावर गुण मिळवले आणि तळाशी रेंगाळणारी पलटण पहिल्या सहांत जाऊन बसली.

पुढची गोष्ट पुणेकरांना ठाऊक आहे. २०२२मध्ये पलटण प्रथमच अंतिम फेरीत गेली. २०२३च्या ऑक्टोबरात अस्लम आणि नाशिकचा आकाश शिंदे हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णविजेत्या भारतीय संघात होते. आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत, अस्लमच्याच नेतृत्वाखाली, पलटणीने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. पोरांवर ठेवलेल्या विश्वासाचे असे रोख फळ क्वचितच मिळते.

एवढ्यावर थांबलो असतो, तर ‘तरुणांना संधी द्या’ असे एक गुळगुळीत वाक्य लिहून लेख संपवता आला असता. पण गोष्ट इतकी सरळ नाही.

२०२२च्या अंतिम सामन्यात पुण्याला ३३-२९ असे हरवणारा संघ होता जयपूर पिंक पँथर्स आणि त्या विजेत्या संघात होता पुण्याने सोडलेला राहुल चौधरी! त्या वर्षी पलटणीचा कर्णधार होता इराणचा फझल अत्राचली. पुढच्या लिलावाआधी पुण्याने त्यालाही मोकळे केले. २०२५च्या ऑक्टोबरात पलटण पुन्हा अंतिम फेरीत गेली आणि दबंग दिल्लीकडून ३१-२८ असा निसटता पराभव झाला. दिल्लीच्या बचावात कोण होता? तिशी ओलांडलेला फझल अत्राचली. आणखी एक. २०२४च्या विजेतेपदात मोठा वाटा उचलणाऱ्या मोहम्मदरेझा शादलूला पुण्याने २ कोटी ३५ लाखांना विकत घेतले होते. म्हणजे तो चषकही केवळ घरच्या रोपांचा नव्हता. शादलू वर्षभरात हरियाणाकडे गेला, त्याच वर्षी हरियाणा विजेते झाले आणि पुण्याला बाद फेरीही गाठता आली नाही.

याचा अर्थ पुण्याचे धोरण चुकले का? मुळीच नाही. राहुलला धरून ठेवले असते, तर अस्लम किती दिवस बाकावर बसला असता कोण जाणे. अर्थ एवढाच, की माणसाची एका ठिकाणची जागा संपते तेव्हा त्याचा उपयोग संपलेला नसतो. जागा रिकामी करणे आणि माणूस मोडीत काढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घराघरांत, कचेऱ्याकचेऱ्यांत आपण नेमकी इथेच गल्लत करतो. सुनेच्या हाती स्वयंपाकघर देताना सासूबाईंच्या हातची चव जुनाट ठरवण्याची गरज नसते. निवृत्त होणाऱ्याला शाल-श्रीफळ देऊन दुसऱ्या दिवशी त्याचा फोन न उचलणे, ही काही नव्या पिढीची शिस्त नव्हे.

यातला खरा काळजीचा मुद्दा मात्र वेगळाच आहे. ज्यांना आपण ‘जुने’ म्हणतो आहोत त्यांची वये पाहा. २०२१मध्ये राहुल चौधरी अवघा अठ्ठावीस वर्षांचा होता, नितीन तोमर त्याहून लहान! ज्या वयात आपल्या घरातला मुलगा पहिल्या नोकरीत जेमतेम रुळतो आणि त्याच्यासाठी स्थळे पाहायला सुरुवात होते, त्या वयात कबड्डीपटू ज्येष्ठ ठरतो. एक जुळून न आलेली चढाई, गुडघ्याची एक दुखापत, की हंगाम संपला. पूर्वी या खेळात पैसा नव्हता, पण चांगल्या खेळाडूला रेल्वेत, पोलिसांत, बँकेत नोकरी मिळे. खेळ थांबला तरी महिन्याचा पगार थांबत नसे आणि संध्याकाळी तोच माणूस मैदानावर पोरांना पकडी शिकवी. आज लिलावातले आकडे डोळे दिपवतात. पण लाखोंची बोली मोजक्यांच्या वाट्याला येते आणि करार एक-दोन हंगामांचा असतो. अस्लमच्या मागे उभी असलेली, पण दूरदर्शन संचावर कधीच न दिसणारी पोरे किती असतील?

म्हणून दोन गोष्टींचा आग्रह धरायला हवा. संघांनी नवख्यांना हरण्याची मुभा द्यावी. दोन सामने बिघडले म्हणून पोर बदलणे म्हणजे दोन भांडी बिघडली म्हणून शिकाऊला आळीबाहेर काढणे. आणि खेळाडू सोडताना त्याच्या दुखापतीच्या उपचाराची, पुढच्या शिक्षणाची, प्रशिक्षक म्हणून तयार होण्याची काही सोय संघांनी आणि लीगने करारातच करून ठेवावी. कोटींच्या बोली लावणाऱ्यांना हा खर्च जड नाही. पालकांनीही मुलाला मैदानावर जरूर पाठवावे, पण पदवीचा फॉर्म भरून मग पाठवावे.

तांबट आळीत नवा हात बसतो, तो कोणीतरी जुना माणूस शेजारी बसून ठोका ऐकत असतो म्हणून. ठोका चुकला की त्याला न पाहताही कळते. हातोडा पोराच्या हाती द्यायलाच हवा, त्यात दुमत नाही. पण ऐकणाऱ्यासाठी शेजारी एक पाट मांडून ठेवायला विसरू नये.