निघण्याआधी परतीची वाट

पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काका रामभटांबरोबर उत्तरेकडे निघाले, ते घरावरचे कर्ज फेडण्यासाठी. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, अशी बातमी त्यांच्या कानी आली होती. वाटेत महूजवळ भेटलेल्या शिपायांनी त्यांना सावध केले. पुढे मोठी धामधूम होणार आहे, मागे फिरा, असा त्यांचा सल्ला होता. काका-पुतणे मागे फिरले नाहीत. मग झाशीचा वेढा, लूट, कत्तल हे सारे त्यांना डोळ्यांनी पाहावे लागले. मिळवलेला पैसा लुटला गेला आणि घरी परतायला दोन वर्षांहून अधिक काळ लागला. गोडसे भटजींची ही हकीकत ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ साली प्रसिद्ध झाली आणि मराठी घराघरांत वाचली गेली.

ज्या मुलुखातून भटजी पायी हिंडले, तेथे आज मोटारसायकलवरून जाता येते. डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांवर चालणाऱ्या उंच मोटारसायकली आता आपल्याकडे सहज मिळतात. २०१६ साली आलेली रॉयल एनफील्डची हिमालयन आणि २०१९ साली आलेली हिरोची एक्सपल्स ही त्यातली ओळखीची नावे. पुढचे चाक मोठे, एकवीस इंची, तारांचे. गाडीचे पोट जमिनीपासून चांगले वर. त्यामुळे लडाखप्रमाणेच बुंदेलखंडाच्या आडवाटांनी जाण्याचे बेतही आता घरोघरची तरुण मुले-मुली आखू लागली आहेत. घरात चर्चा होते ती बहुधा गाडी कोणती आणि पैसे किती याचीच. खरे तर अशा सहलीचे यश गाडीपेक्षा आधीच्या आखणीवर अधिक अवलंबून असते. आणि आखणीतही सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा की, कुठून आणि केव्हा मागे फिरायचे?

वाट कशी निवडावी

झाशीहून निघून झाशीलाच परत येणारी एक फेरी उदाहरणादाखल घेऊ. झाशी, भांडेर, कोंच, उरई, काल्पी, हमीरपूर, बांदा, चित्रकूट, कालिंजर, पन्ना, खजुराहो, ओरछा आणि पुन्हा झाशी. सरळ पक्क्या रस्त्याने हे अंतर सातशे-साडेसातशे किलोमीटरच्या आसपास भरते. कच्च्या वाटा धरल्या की वाढते.

मराठी माणसाला या वाटेवर पावलोपावली ओळखीचे काही भेटते. एप्रिल १८५८ मध्ये झाशी पडल्यावर राणी लक्ष्मीबाई घोड्यावरून भांडेरमार्गे काल्पीला गेल्या. हे अंतर शंभर मैलांच्या घरातले. मे महिन्यात कोंचला लढाई झाली. काल्पीच्या वाटेवरच्या एका विहिरीपाशी राणी आणि गोडसे भटजींची गाठ पडली. तहानलेल्या राणींना पाणी शेंदून द्यायला भटजी पुढे झाले, तेव्हा विद्वान ब्राह्मणाला कष्ट नकोत म्हणून राणींनी स्वतःच पाणी शेंदले. पुढे भटजी चित्रकूटलाही गेले. म्हणजे या फेरीचा निम्मा भाग त्यांच्या पुस्तकात भेटतो. निघण्यापूर्वी ते पुस्तक वाचावे, वाट अधिक आपली वाटते.

नकाशा पसरला की एक गोष्ट ध्यानात येते. बेतवा, तिला मिळणारी धसान आणि केन या नद्या दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत यमुनेला मिळतात. आपण मात्र पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणार, म्हणजे या नद्या आडव्या येणारच. तेव्हा आधी पूल शोधावेत आणि मग वाट आखावी. आडवाटेवर मोठा पूल नसतो, फरशी पूल असतो. त्याला तिकडे ‘रपटा’ म्हणतात. पाऊस झाला किंवा वरच्या धरणातून पाणी सोडले की रपटा पाण्याखाली जातो आणि पलीकडचे गाव समोर दिसत असूनही तीस-चाळीस किलोमीटरचा वळसा पडतो. पाण्यात गाडी घालण्यापूर्वी एकाने काठी घेऊन चालत पलीकडे जावे. पाणी गुडघ्याला लागले किंवा पाय ओढू लागले तर वळसाच बरा.

मोबाइलवरचे नकाशे घरीच उतरवून घ्यावेत; यमुनेकाठच्या घळींत, ज्यांना ‘बीहड’ म्हणतात, फोन लागेलच याचा भरवसा नाही. नकाशात दिसणारी प्रत्येक रेघ हा सार्वजनिक रस्ता नसतो, हेही लक्षात ठेवावे. कालव्याच्या बांधावरची वाट पाटबंधारे खात्याची असते. पन्ना व्याघ्र प्रकल्पात मोटारसायकल नेता येत नाही. तेथे रुळलेला पक्का रस्ताच धरावा.

माती ओळखावी

बुंदेलखंडी शेतकरी मातीला चार नावांनी ओळखतो : मार, काबर, पडुआ आणि राकर. राकर म्हणजे खडकाळ, मुरमाड, तांबूस जमीन. झाशी-ओरछ्याच्या बाजूला ती पुष्कळ. पावसानंतरही ती लवकर निथळते, पण दगडांवर ट्यूब चिमटून पंक्चर होते. मार म्हणजे आपल्या मराठवाड्यासारखी काळी, चिकण माती. उरई-हमीरपूरच्या बाजूला ती भेटते. कोरडी असताना तिच्यात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या दगडासारख्या घट्ट होतात, आणि ओली झाली की चाक व मडगार्ड यांच्यामध्ये ती अशी भरते की गाडी ढकलताही येत नाही.

म्हणून या फेरीचा मोसम ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर किंवा मग फेब्रुवारी. डिसेंबरअखेरीपासून जानेवारीभर दाट धुके असते. एप्रिलनंतर ऊन सोसत नाही. मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीस अंशांवर जातो. अवकाळी पाऊस झालाच, तर काळ्या मातीची वाट सोडून सरळ पक्का रस्ता धरावा. वाट विचारायची तर दुकानदारापेक्षा ट्रॅक्टरवाल्याला विचारावी. “रस्ता आहे का?” असे विचारले की उत्तर बहुधा ‘आहे’ असेच येते. “आज इथून ट्रॅक्टर गेला का?” असे विचारले की खरी माहिती मिळते.

किलोमीटर नव्हे, तास

आखणीतली सर्वांत मोठी चूक होते ती हिशेबात. डांबरी रस्त्यावर तासाला पन्नास किलोमीटर जाणारा चालक कच्च्या वाटेवर वीसच जातो. एकशेवीस किलोमीटरला सहा तास. त्यात चहा, जेवण, एखादे पंक्चर, फाटकापाशी थांबणे यांचे दोन तास धरले की आठ झाले. डिसेंबरात झाशीला सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि साडेपाचच्या सुमारास मावळतो. म्हणजे दिवसाकाठी कच्च्या वाटेचे शंभर-सव्वाशे किलोमीटर पुष्कळ झाले.

अंधारात चालवू नये, हा नियम येथे विशेष कडक पाळावा. बुंदेलखंडात पिके निघाल्यावर गुरे मोकळी सोडून देण्याची जुनी रीत आहे. तिला ‘अन्ना प्रथा’ म्हणतात. ही गुरे रात्री डांबरावर येऊन बसतात. नीलगाईही अचानक आडव्या जातात. मुक्काम चारच्या सुमारास गाठायचा असे ठरवले, तरच अंधाराआधी पोहोचणे होते.

दर तीन दिवसांमागे एक दिवस रिकामा ठेवावा. काही बिघडले नाही तर त्या दिवशी कालिंजरचा किल्ला निवांत पाहावा. काही बिघडले तर तो दिवस उपयोगी पडतो. या फेरीला नऊ-दहा दिवस हवेत. रजा सहाच दिवसांची असेल तर चित्रकूट-कालिंजर सोडून काल्पीहून मागे यावे, पण नऊ दिवसांची वाट सहा दिवसांत कोंबू नये.

पेट्रोलचा हिशेबही असाच. तेरा लिटरची टाकी आणि लिटरला चाळीस किलोमीटर, म्हणजे पाचशेवीस, असे कागदावर दिसते. सामान लादलेली गाडी कच्च्या वाटेवर तीसच देते असे धरावे, झाले तीनशेनव्वद. त्यातला तिसरा हिस्सा राखीव ठेवला की हाती उरतात दोनशेसाठ. तेवढ्यातच पुढचा पंप आला पाहिजे.

गाडी आणि सामान

मुंबईहून झाशीपर्यंत अकराशेहून अधिक किलोमीटर गाडी चालवत जाण्यापेक्षा ती रेल्वेने पाठवणे अंगाला आणि टायरला सोयीचे. टाकीतले पेट्रोल पूर्ण काढावे लागते, गाडी बारदानात बांधावी लागते आणि नोंदणी पुस्तकाची प्रत द्यावी लागते. पंजाब मेल झाशीवरून जाते. मात्र पार्सल म्हणून पाठवलेली गाडी आपल्याच बरोबर उतरेल असे नाही, म्हणून झाशीत एक दिवस हाताशी ठेवावा. तो वायाही जात नाही. किल्ला आहे, राणींचा विवाह झाला ते गणेश मंदिर आहे.

सामान कमी घ्यावे. जे घ्याल त्यातले जड ते खाली आणि पुढच्या बाजूला बांधावे. मागे उंचावर बांधलेली जड पिशवी खड्ड्यात गाडीचा तोल घालवते. हत्यारांच्या पिशवीत हे असावे : पुढच्या-मागच्या चाकाची एकेक ट्यूब, टायर काढण्याच्या पट्ट्या, ठिगळे व सोल्यूशन, हातपंप, क्लचची केबल, ब्रेक-क्लचचे दांडे, प्लग, साखळीची जोडकडी, फ्यूज, पाने, बांधायची तार आणि एम-सील. ही यादी विकत घेता येते, हातातले कसब नाही. म्हणून निघण्यापूर्वी अंगणात बसून मागचे चाक दोनदा स्वतः काढावे, ट्यूब बदलावी आणि पुन्हा बसवावे. पहिल्यांदा दोन तास लागतील, दुसऱ्यांदा पाऊण.

माणशी चार-पाच लिटर पाणी रोज हवे. हेल्मेट, घोट्याच्या वर येणारे बूट, गुडघा-कोपराचे संरक्षक आणि हातमोजे यांत काटकसर नको. परवाना, विमा, प्रदूषण प्रमाणपत्र यांच्या प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. ही वाट उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशाच्या सीमा पुनःपुन्हा ओलांडते.

किती जण?

एकट्याने आडवाटेला जाऊ नये. दोघे असले तर बरे, पण एकाचा पाय मोडला तर दुसऱ्यापुढे पेच उभा राहतो : जखमीपाशी थांबावे की मदत आणायला जावे? तिघे असले की एक थांबतो, एक जातो. सहा-सात जणांत मात्र रोज कुणाची तरी गाडी बिघडते. तिघे किंवा चौघे हे प्रमाण चांगले. त्यांतल्या सर्वांत कमी सराव असलेल्याच्या वेगाने सगळ्यांनी जावे, आणि हे बोलून ठरवावे.

घरी ठेवायचा कागद

गोडसे भटजींच्या घरच्यांनी किती वाट पाहिली असेल, याची आज कल्पनाच करावी. आज फोन आहे. पण फोन लागत नाही तेव्हा घरच्यांचा जीव तितकाच टांगणीला लागतो. त्यावर उपाय म्हणजे स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावलेला एक कागद. त्यावर रोजची वाट, मुक्कामाचे ठिकाण आणि तेथील फोन, सोबत्यांच्या घरचे फोन, प्रत्येकाचा रक्तगट, गाड्यांचे क्रमांक.

त्याखाली वेळा लिहाव्यात. रात्री आठपर्यंत फोन येईल. न आल्यास नऊ वाजता मुक्कामाच्या ठिकाणी फोन करावा. तेथेही पोहोचले नसतील तर पोलिसांना कळवावे. येथे एक बारकावा आहे. महाराष्ट्रातून ११२ फिरवला तर तो महाराष्ट्राच्या नियंत्रण कक्षाला लागतो. म्हणून वाटेतल्या जिल्ह्यांच्या पोलीस नियंत्रण कक्षांचे क्रमांक आधीच लिहून ठेवावेत : झाशी, जालौन, हमीरपूर, बांदा, चित्रकूट हे उत्तर प्रदेशातले, दतिया, पन्ना, छतरपूर, निवाडी हे मध्य प्रदेशातले. झाशी, उरई आणि बांदा येथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत, तीही नोंदवावीत. या कागदामुळे आई-वडिलांची काळजी पूर्ण जाते असे नाही. पण काळजी वाटली तर काय करायचे, हे त्यांना ठाऊक असते.

मागे फिरण्याच्या जागा

शेवटी नकाशावर तीन ठिकाणी तांबड्या पेन्सिलीने खूण करावी. येथून मागे फिरणे सोपे आहे, अशा त्या जागा. या फेरीत उरई, बांदा आणि खजुराहो. या तिन्ही गावांहून झाशीला पक्का रस्ता आणि रेल्वे आहे. प्रत्येक खुणेपाशी थांबून तीन प्रश्न विचारायचे : सगळ्यांची तब्येत ठीक आहे का, गाड्या ठीक आहेत का, राखीव दिवस शिल्लक आहे का? एकाचेही उत्तर ‘नाही’ आले तर फेरी तेथेच संपवायची. हे घरी, शांतपणे, सर्वांच्या संमतीने ठरलेले असावे. वाटेत ठरवायला गेले की हौस, भिडस्तपणा आणि खर्च झालेला पैसा हेच बोलू लागतात. महूजवळ मागे न फिरणारे काका-पुतणे मूर्ख नव्हते. घरावर कर्ज होते आणि पुढे दक्षिणेची आशा होती. सहलीला जाणाऱ्यावर तशी पाळी नसते.

आणि हा सारा बेत अमलात आणण्यापूर्वी एक रंगीत तालीम करावी. हेच सोबती, हेच सामान, घराजवळची दोन दिवसांची कच्ची वाट. पिशवीत काय नको आणि गटात कुणाला किती थांबावे लागते, हे त्या दोन दिवसांत कळते. घरचा कागदही त्याच वेळी एकदा वापरून पाहावा. आठचा फोन वेळेवर येतो की नाही, हे घरच्यांनाही कळू दे.