साबणात सात रंग नकोत, एकच स्वर्ल पक्का करा



साबणाच्या वडीत रंगांची वळणं, म्हणजे स्वर्ल कसा काढायचा, हे आपण व्हिडिओत बघितलं. तेव्हापासून एकच मागणी येतेय, "सर, अजून डिझाइन दाखवा." आज डिझाइन दाखवणार नाही, माझं मत सांगणार आहे. पटलं नाही तर कॉमेंटमध्ये भांडा, चालेल!

मत असं: ज्यांना साबण विकायचा आहे, त्यांनी पहिले सहा महिने एकच स्वर्ल करावा, तोही दोनच रंगांत. पंधरा प्रकार येणं हा छंद झाला. दर बॅचला तोच प्रकार तसाच येणं, याला धंदा म्हणतात.

गिऱ्हाईक परत कशासाठी येतं?

प्रदर्शनातल्या टेबलावर वडी हातात घेतली जाते ती रंगामुळे. हे मान्यच आहे. पण तीच व्यक्ती महिन्याने परत येते ती फेस, वास आणि अंघोळीनंतर त्वचा कशी वाटली यासाठी. आणि आल्यावर काय म्हणते? "मागच्या वेळचाच द्या." गिफ्ट बॉक्सची १०० वड्यांची ऑर्डर देणाऱ्यालाही नमुन्यासारखाच माल हवा असतो.

"प्रत्येक वडी वेगळी, हेच हँडमेडचं सौंदर्य" असं आपण सगळेच म्हणतो. वळण थोडं इकडेतिकडे झालं तर ते खरंही आहे. पण एका वडीत निळा रंग आणि दुसरीत मातकट डाग, हे सौंदर्य नाही. ते मिश्रण हातातून सुटल्याचं लक्षण आहे.

स्वर्ल ठरतो मिश्रणाच्या दाटपणावर

कोल्ड प्रोसेसमध्ये तेल आणि कॉस्टिकचं पाणी एकत्र आलं की मिश्रण दाट व्हायला लागतं. त्यालाच आपण ट्रेस म्हणतो. स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगतो:

- पातळ कढीसारखं असेल तर बारीक, लांब वळणं येतात. फारच पातळ असेल तर रंग एकमेकांत मिसळतात.
- इडलीच्या पिठासारखं असेल तर ठळक, जाड पट्टे येतात.
- श्रीखंडासारखं झालं की स्वर्ल विसरा. मधे हवेच्या पोकळ्या राहतात.

म्हणजे खरं कौशल्य काय? कढी आणि इडलीचं पीठ यांच्यामध्ये मिश्रणाला थांबवून ठेवणं. त्यासाठी चार गोष्टी सांभाळा.

१. हँड ब्लेंडर सलग चालवू नका. दोन-चार सेकंद चालवा, मग बंद ठेवून त्यानेच ढवळा.

२. तेल आणि कॉस्टिकचं पाणी, दोन्ही साधारण ३५ ते ४० अंश सेल्सिअसला आणा. गरम असेल तर घाई होते.

३. राइस ब्रान, सूर्यफूल, ऑलिव्ह ही तेलं सावकाश दाट होतात. एरंडेल आणि घट्ट बटर जास्त असतील तर वेळ कमी मिळतो. पण अंदाजाने तेल बदलू नका! १०० ग्रॅम खोबरेल तेलाला जवळपास १८ ग्रॅम कॉस्टिक लागतं, ऑलिव्हला साधारण साडेतेरा. तेल बदललं की हिशेब नव्याने.

४. सुगंध आधी तपासा. लवंग, दालचिनी आणि बरेच फुलांचे सुगंध मिश्रण बघता बघता घट्ट करतात. व्हॅनिलाचा सुगंध असेल तर वडी पुढे तपकिरी पडते. आधी कपभर मिश्रणात घालून बघा.

सुरक्षिततेचं पुन्हा एकदा: कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही. गॉगल आणि हातमोजे हवेतच. ॲल्युमिनियमचं भांडं चालत नाही.

मग कोणता स्वर्ल?

माझी पसंती हँगर स्वर्लला. लांब साच्यात दोन रंगांचे थर आलटून पालटून ओतायचे. साच्याच्या लांबीएवढी वाकवलेली स्टीलची तार तळापर्यंत घालायची, गोल फिरवायची आणि बाहेर काढायची. तार साच्याच्या पूर्ण लांबीतून फिरते, त्यामुळे कापल्यावर बहुतेक वड्यांवर एकसारखी नक्षी दिसते. भांड्यातच रंग ओतून एकदा ढवळायची पद्धत सोपी आहे, पण तिथे प्रत्येक वडीची नक्षी नशिबावर.

तार किती वेळा फिरवली ते मोजा आणि वहीत लिहा. तीन म्हणजे तीन. चौथ्यांदा फिरवायचा मोह होतो आणि तिथेच चिखल होतो.

रंगांची पहिली जोडी: बिनरंगाचं मिश्रण आणि ॲक्टिव्हेटेड चारकोल. स्वस्त, ठळक आणि कॉस्टिकमध्ये न बदलणारी. अर्धा किलो तेलामागे चहाचा एक चमचा पुरतो. जास्त झाला तर फेसही करडा येतो. बीट आणि जास्वंदीचा रंग कॉस्टिकमध्ये टिकत नाही, तपकिरी होतो. हळद आधी लालसर होते, मग केशरी-पिवळी, आणि उजेडात फिकी पडत जाते. खाण्याच्या रंगांच्या नादी लागू नका, आणि क्राफ्टच्या दुकानातला रेझिनचा मायका तर साबणात अजिबात नको. हा माल कोणाच्या तरी अंगाला लागणार आहे.

आता पैशाचं बोलू

समजा, १ किलो तेलाच्या बॅचमधून १४ वड्या निघतात. स्वर्लमुळे रंग वेगळे करणं, ओतणं, जादा भांडी धुणं यात ४० मिनिटं जास्त गेली. तुमचा तास १५० रुपयांचा धरला तर हे १०० रुपये झाले, म्हणजे वडीमागे सात रुपये. पाच रंग घेतले की वेळ आणि भांडी दोन्ही वाढतात, पण गिऱ्हाईक त्याचे वेगळे पैसे देईलच असं नाही. दुसरं, मुरवताना पाणी उडून वजन घटतं. लेबलवर १०० ग्रॅम लिहायचं असेल तर ओली वडी १०० ग्रॅमची कापून चालणार नाही.

आणि वेळ? वडी चार ते सहा आठवडे मुरायला लागते. दिवाळीच्या अभ्यंगस्नानासाठी माल विकायचा असेल तर गणपतीच्या आसपास तो साच्यात असायला हवा. तेव्हा नवीन डिझाइनचा प्रयोग फसला तर दुसरी संधी नाही. भांडवल रॅकवर, सण निघून गेलेला!

एक गोष्ट टाळू नका. कायद्याने साबण हे सौंदर्यप्रसाधन आहे. विक्रीसाठी बनवायचा तर कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० नुसार परवाना लागतो. आपल्या महाराष्ट्रात त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाकडे जायचं. रंगही भारतीय मानक आयएस ४७०७ मध्ये बसणारेच हवेत. रंग घेताना पुरवठादाराकडून कागद मागा. नाही म्हणाला तर दुसरा पुरवठादार शोधा.

तुमचा गृहपाठ

अर्धा-अर्धा किलो तेलाच्या तीन बॅच करा. तेच तेल, तेच तापमान, तोच सुगंध, तार तीनदाच. तिन्ही बॅचमधली एकेक वडी शेजारी ठेवा आणि घरातल्या कोणालाही विचारा, "यातल्या वेगवेगळ्या दिवशी केलेल्या ओळखता येतात का?" उत्तर "नाही" आलं की तिसरा रंग आणायला बाजारात जा. तोपर्यंत वही आणि वजनकाटा पुरे.

भेटू पुढच्या व्हिडिओत!